विहिणीच्या भाषेतलं मागणं

धुरपताबाईनं मला फारशी शिकवायला लावली तेव्हा मला स्वतःला फारशीचं एक अक्षर येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दवनीवाड्यात हल्ली अशी हवा उठली आहे की घनश्याम गुरुजी म्हणजे कोणी मोठे पंडित. कसला पंडित अन् कसलं काय. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, व्याकरणाच्या चुकांपायी पोरांचे कान उपटले, अन् रिटायर होऊन घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसलो. पेपर वाचायचा, त्यातल्या चुकांना लाल पेनानं गोल करायचे, अन् बायकोची, म्हणजे सुशिलाबाईची, बोलणी खायची, एवढाच माझा उद्योग. त्यात ही बाई आली अन् माझ्या निवांत म्हातारपणाचा पार बोऱ्या वाजवला.

धुरपताबाई माझी शेजारीण. तिचा नवरा हिरालाल माझा वर्गमित्र, सहा वर्षांपूर्वी गेला. साडेतीन एकर धानाची जमीन, दोन म्हशी अन् एकुलता एक पोरगा ओमेश, हा तिचा संसार. शिक्षण चौथी. वय विचारलं तर म्हणते, "मोठा पूर आला होता ना, त्याच्या पुढच्या सालची मी." म्हणजे साठीच्या थोडी पुढेच. बाई काटक, अन् बोलायला रोखठोक. तिच्याशी बोलताना माणसाला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं आहे, अन् बहुतेक वेळा चुकलेलंच असतं.

ओमेश नागपूरला इंजिनीअर झाला, तिथून पुण्याला गेला, अन् पुण्याहून जर्मनीत हॅम्बुर्गला. तिथं नोकरीपायी त्यानं जर्मन शिकायचा वर्ग लावला. शेजारच्या बाकावर इराणची एक पोरगी बसायची, नीलूफर. ह्याला तिची भाषा येत नाही, तिला ह्याची येत नाही, जर्मन तर दोघांनाही येत नाही, अन् तरी त्यांचं जमलं. मी जन्मभर व्याकरणाचे तास घेतले, पण अशा तासाला असंही काही होत असतं हे मला कधी दिसलं नाही. दोघांनी तिथल्या कचेरीत सह्या करून लग्न केलं अन् आईला फोटो पाठवला.

गावानं काय बोलायचं ते बोललंच. जात काढली, धर्म काढला, गेलेल्या हिरालालचं नाव काढलं. धुरपताबाई आठ दिवस ऐकून घेत होती. नवव्या दिवशी बोरिंगवर पाणी भरताना तिनं सगळ्यांना एकच विचारलं, "ते सारं राहू द्या. त्या पोट्टीच्या मायले कोणी इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं, अन् सगळं घोडं तिथंच अडलं होतं. इराणातही म्हणे आपल्यासारखीच रीत आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, बसायचं, अन् स्वतःच्या तोंडानं मुलगी मागायची. नीलूफरच्या आईच्या दारात कोणी गेलं नाही. लग्न झाल्याचं पोरीनं फोनवर सांगितलं. आईनं ऐकून घेतलं अन् फोन ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून मायलेकींत एक शब्द नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. मागणं घालून समोरून शब्द मिळेपर्यंत मुलाकडच्यांनी मुलीच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. अन् मागणं एका खेपेत होत नाही. दोन-तीन खेपा माराव्याच लागतात, कारण पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्या घराला लोक हसतात. नीलूफरनं सासूसाठी पिस्त्यांचा एक डबा पाठवला होता. माहेर सोडताना तिनं तो सोबत आणला होता म्हणे. कोणाच्या तरी हातानं तो डबा दवनीवाड्याला पोचला, अन् धुरपताबाईनं तो धानाच्या कोठीवर ठेवून दिला. उघडलाच नाही. "मागतल्याबिगर त्या घरचं कसं खाऊ, गुरुजी?" मला पिस्ते फार आवडतात. तिच्या घरी गेलो की तो डबा दिसायचा अन् माझा जीव जळायचा. पण बाईपुढं बोलायची सोय नाही.

मार्चमध्ये फोन आला की सुनेला दिवस गेले आहेत. धुरपताबाई दोन दिवस हरखून होती, तिसऱ्या दिवशी गप्प झाली, अन् चौथ्या दिवशी सकाळीच माझ्या छपरीत हजर.

"गुरुजी, मले विहिणीची भाषा शिकवा."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "फारशी? अहो, ओमेशला सांगा. नाहीतर सून बोलेल मध्ये."

"काऊन? पोट्टा सोताचं मागणं सोताच घालते का? अन् पोट्टी आपल्याच मायले आपल्यासाठी मागंल? मागणं मायनं घालावं लागते. अन् समोरच्याले समजंल अशा बोलीत घालावं लागते."

"पण मला फारशी येत नाही."

"व्याकरण येते ना? मंग झालं."

मी काही बोलणार तोच ती आवाज उतरवून म्हणाली, "लेकरू याच्या आंधी त्या मायलेकी बोलल्या पायजे. बाळंतपणात बाईले माय आठवते. त्या पोट्टीची माय जिती असून तिले नाही. हे पाप माया दारात आहे, गुरुजी."

आतून सुशिलाबाई म्हणाली, "घ्या आता. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, आता सोता करून दाखवा." मी चडफडलो, पण दुसऱ्याच दिवशी गोंदियाची बस पकडली. तिथं एका रद्दीवाल्याच्या ढिगात हिंदीतून फारशी शिकवणारं एक जुनं पुस्तक सापडलं. कव्हर नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, पण उच्चार देवनागरीत छापले होते. पुस्तक नवशिक्यांसाठी होतं, अन् गुरुजीही नवशिकाच. रोज दुपारी मी एक धडा पाठ करायचो अन् संध्याकाळी पाचला तोच तिला असा शिकवायचो, जसा काही मी इराणातल्या शिराझलाच जन्मलो.

पहिल्याच धड्यात माझी फजिती झाली. सर्वनामं शिकवत होतो. मन म्हणजे मी, तू म्हणजे तूच, ऊ म्हणजे तो.

"अन् ती?"

"ती पण ऊच. फारशीत लिंगभेद नाही. क्रियापदालाही नाही. मीरवम म्हणजे मी जातो, अन् मी जाते सुद्धा."

धुरपताबाई माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या झाडीपट्टीत बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, अन् मी चौतीस वर्षं त्याच एका गोष्टीवर छडी चालवली होती. "म्हणजे तिकडं बाई बी जातो अन् माणूस बी जातो," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही गावच्या साऱ्या पोट्टींले जाते म्हणा, जाते म्हणा करून रडवलं. अन् अख्खं इराण जातो म्हणून राहिलं." ही बातमी त्याच संध्याकाळी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी चंदा, जिला मी सातवीत याच चुकीसाठी बाकावर उभी केली होती, मुद्दाम घरावरून गेली अन् म्हणाली, "गुरुजी, मी बाजारात जातो हं." मी पेपर तोंडापुढं धरला.

पुस्तकातली वाक्यंही अशी की कपाळाला हात लावावा. अस्पे पादशाह सफेद अस्त. बादशहाचा घोडा पांढरा आहे. मी तिला समजावत होतो की मराठीत आपण आधी बादशहा घेतो अन् मग त्याचा घोडा. फारशीत घोडा पुढं येतो, त्याला ए लागतो, अन् बादशहा मागून चालतो.

"घोड्याचं मले काय करायचं आहे? विहीण घोडे विकते का?"

"अहो, रचना समजून घ्या. ह्यानंच तुमची मुलगी म्हणता येईल. दुख्तरे शुमा."

"मंग तेच शिकवा. घोडा कायले मधात आणता?"

त्या दिवसापासून आमच्या धड्यातून बादशहा हद्दपार झाला अन् त्याच्या जागी म्हशी आल्या, धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं आली, ओमेश आला. मादरे ओमेश, ओमेशची आई. हे तिला इतकं आवडलं की दोन दिवस ती स्वतःशीच पुटपुटत होती. कर्माला रा लागतो हे तर तिनं मी सांगायच्या आतच ओळखलं. "आपला ले तिथं रा झाला," म्हणाली. मुलीले, दुख्तर रा. मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली, अन् खरं सांगतो, ती करताना मला माझ्या नोकरीतल्या पहिल्या वर्षासारखा आनंद झाला.

एकदा ती सातबारा घेऊन आली. कशाला, तर कागदावरचे शब्द पुस्तकातल्या शब्दांशी ताडून पाहायला. जमीन फारशी, कागदही तिकडूनच आलेला, अन् ज्या अर्जाला आमचे म्हातारे लोक दरखास्त म्हणत, तो शब्द तर सरळ त्या खास्तन क्रियापदाचा, ज्याचा अर्थ इच्छिणे, मागणे. मी शुद्ध मराठीचा केवढा तोरा मिरवला होता. बाई कागद घडी करत म्हणाली, "म्हणजे आपण तहसिलीत जातो तेव्हा मागणंच घालतो म्हणा."

खरी अडचण क्रियापदांच्या प्रत्ययांची. पुस्तकातलं पहिलं क्रियापद येणे. आमदम, आमदी, आमद, आमदीम, आमदीद, आमदंद. मी आलो, तू आलास, तो आला, आम्ही आलो, तुम्ही आलात, ते आले. सहा रूपं. चार दिवस झाले तरी बाईच्या डोक्यात राहीनात. तिसरं आठवलं की पाचवं सुटायचं. पाचव्या दिवशी मी तापलो. "तुमच्या डोक्यात भुसा भरला आहे," असं बोलून बसलो. ती उठून गेली, अन् सुशिलाबाईनं मला त्या रात्री वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाही. सकाळी मीच धुरपताबाईच्या दारात गेलो, वही घेऊन. ती म्हशीला वैरण टाकत होती. म्हणाली, "बसून नाही होत, गुरुजी. मले हात चालत असले त आठवते." मग आम्ही तसंच केलं. ती शेण काढायची, मी बाजूला उभा राहून आमदम म्हणायचो. आठ दिवसांत सहाच्या सहा रूपं पक्की झाली.

उच्चार सुधारायला सून होती. नीलूफरला ओमेशमुळं मोडकंतोडकं हिंदी यायचं. फोनवर सासूची पहिली चार वाक्यं ऐकली अन् ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, आप बादशाह जैसा बोलता." पुस्तक जुनं, भाषा दरबारी, त्याला मी काय करू? पण धुरपताबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट म्हणाली की मागणं घालायचं आहे, थोडं भारदस्त असलेलंच बरं.

त्याच फोनवर सुनेनं एक गोष्ट सांगितली. तिचं माहेर रश्त शहराजवळच्या एका खेड्यात, समुद्राकाठी, अन् तिथं सगळा धानच पिकतो. धानाला शाली म्हणतात. तिची आई मासूमे चाळीस वर्षांपासून दुसऱ्या बायकांसोबत गुडघाभर चिखलात उभी राहून धान रोवते. आम्ही पुस्तकात दरबार शोधत बसलो होतो अन् विहीण निघाली रोवणेवाली. धुरपताबाईनं फोन ठेवला अन् आपल्या पायांकडे बघत बसली. टाचांच्या भेगा तिच्याही होत्याच. "चिखलात राबून वाढवलेली पोट्टी," ती म्हणाली, "अन् आपण न इचारता घेऊन आलो."

जूनअखेर आमची अकरा वाक्यं तयार झाली. सलाम. मी ओमेशची आई आहे. मी उशिरा आले, माफ करा. असं करत करत नववं वाक्य, ज्याच्यासाठी सारा खटाटोप होता: मन दुख्तरे शुमा रा मीखाहम. मी तुमची मुलगी मागते. ती ते रोज शंभरदा म्हणायची. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर रोजच्या वापरातली आणखी काही वाक्यं होती. त्यात एक होतं: काम करत असलेल्या माणसाला पाहून म्हणावे, खस्ता नबाशीद. थकलेले नसा. मी त्यावर काट मारली. वाटलं, हे काय वाक्य झालं, ह्यात शिकवण्यासारखं व्याकरण तरी काय आहे, अन् उगाच बाईच्या डोक्याला ताप. ही काट लक्षात ठेवा, कारण मी ती अजून विसरलो नाही.

नीलूफरच्या धाकट्या भावानं आईला कल्पना दिली, अन् रविवार ठरला. वेळ दुपारची, आमचे तीन म्हणजे त्यांचा एक. धुरपताबाईनं नवं लुगडं नेसलं, घर सारवलं, फोन पाटावर ठेवला, पाटाखाली तांदूळ मांडले. मी बाजूला वही घेऊन. फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तिकडून कोणी उचललाच नाही. दोन तास आम्ही तसेच बसलो होतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच लुगडं, तोच पाट, अन् पुन्हा तसंच. मला संताप आला. म्हटलं, "एवढा काय माज? म्हातारी बाई चार महिने घासून भाषा शिकते अन् ह्यांना फोन उचलवत नाही?"

"गुरुजी, तोंड सांभाळा. माही विहीण आहे ते," ती म्हणाली. "दोन खेपा झाल्या. आपल्याकडं तरी पहिल्या खेपेत कोण दार उघडते?"

बोलली तशी, पण तांदूळ गोळा करताना अर्धे जमिनीवरच राहून गेले. सुनेला सातवा महिना लागला होता. ओमेश सांगत होता की ती धड जेवत नाही, आईच्या हातचं काय काय खावंसं वाटतं म्हणते अन् रडते.

तोवर पाऊस लागला, रोवणा आला. रोवण्याच्या दिवसात धानवाल्या घरी कोणाला मरायलाही फुरसत नसते, तिथं फारशी कुठली. पण बाईनं धडे सोडले नाहीत. मला म्हणाली, तुम्ही बांधीवर या. झालं, मी रोज छत्री घेऊन चिखलातून घसरत तिच्या शेतावर. रोवायला धुरपताबाई अन् चंदा धरून नऊ बाया, ओळीनं वाकलेल्या, डाव्या हातात परे म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, अन् मागे मागे सरकत चाललेल्या. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून विचारायचो, ती वाकल्या वाकल्या उत्तर द्यायची. तिसऱ्या दिवशी चंदानं तिच्यासोबत म्हणायला सुरुवात केली, मग तिच्या बाजूच्या निर्मलाबाईनं, मग सगळ्यांनीच. आमदम म्हटलं की एक रोप, आमदी म्हटलं की दुसरं. सहा रूपांत एक हात रोवून व्हायचा. माझ्या वर्गात चौतीस वर्षांत एकदाही सगळ्या पोरी एका सुरात बरोबर बोलल्या नव्हत्या, अन् इथं नऊ बाया पावसात फारशी क्रियापद चालवत होत्या. मला हसू येत होतं.

बुधवार होता, अकरा वाजले असतील. बाईचा फोन भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून माझ्या खिशात असायचा. तो वाजला, व्हिडिओ कॉल होता. मी पन्नीतूनच हिरवं बटण सरकवलं अन् पडद्यावर एक बाई आली. डोक्याला रुमाल, उन्हानं रापलेला चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. ठरलेला वार नाही, वेळ नाही, अन् विहीण स्वतः फोनवर.

माझी बोबडी वळली. चार महिने शिकवलेलं सगळं क्षणात कुठं गेलं कोण जाणे. मी गुरुजी, अन् तोंडातून निघालं काय, तर "नमस्कार". ती बाई माझ्याकडे बघत होती. मी काही न सुचून धुऱ्यावरून सरळ बांधीत उतरलो, गुडघाभर चिखलात, धोतरासकट, अन् फोन धुरपताबाईसमोर धरला.

ती सरळ झाली. लुगडं वर खोचलेलं, अंगावर चिखल, डाव्या हातात पेंडी. नवं लुगडं नाही, पाट नाही, तांदूळ नाहीत. तिनं पडद्याकडे पाहिलं अन् तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की अकराच्या अकरा वाक्यं गेली.

"सलाम," ती म्हणाली. मग थांबून, "मन मादरे ओमेश." पुढचं हस्तम राहून गेलं. मी ओठ हलवून सांगू पाहत होतो, तिचं लक्षच नव्हतं.

तिकडच्या बाईची नजर विहिणीच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्या हातातल्या पेंडीकडे, चिखलाकडे, मागं वाकलेल्या बायांच्या ओळीकडे बघत होती. मग तिचे ओठ सुटले अन् ती हळूच म्हणाली, "खस्ते नबाशीद."

धुरपताबाईनं माझ्याकडे पाहिलं. पुस्तकातलं खस्ता तिकडं खस्ते झालं होतं, पण वाक्य तेच, अन् ते तिला येत नव्हतं. मीच येऊ दिलं नव्हतं. मला तिथल्या तिथं चिखलात गडप व्हावंसं वाटलं. मी म्हटलं, "त्या म्हणतात, थकू नका. काम करणाऱ्या माणसाला तिकडं असं म्हणतात."

"मले म्हणतात?"

"तुम्हालाच."

ती दंडानं डोळे पुसायला गेली तर चिखल कपाळाला लागला. मग पेंडी छातीशी धरून ती उभी राहिली, अन् वाक्यं एकेक करून परत आली, मागेपुढे होऊन, पण आली. "देर आमदम. बबख्शीद." उशिरा आले, माफ करा. अन् मग मान खाली घालून, पोरगी मागायला बसलेल्या बाईनं घालावी तशी, "मन दुख्तरे शुमा रा मीखाहम."

मागच्या बाया रोवायच्या थांबल्या होत्या. पावसाचा आवाज तेवढा होता. तिकडच्या बाईनं रुमालाचं टोक तोंडावर धरलं, अन् तिचे खांदे हलायला लागले. पोटात साठलेलं एकदम निघावं तशी ती रडली. मग भराभर बोलत सुटली. त्यातलं मला दुख्तर एवढंच समजलं. शेवटी तोंड पुसून तिनं आमच्या विहीणबाईला जे म्हटलं, ते गोंदिया जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगायला लागत नाही. "मुबारक बाशद," ती म्हणाली. अन् वर, "खुश आमदीद." बरं झालं आलात.

फोन बंद झाला. धुरपताबाई तो माझ्या हातात देत म्हणाली, "शब्द मिळाला ना, गुरुजी?"

"मिळाला."

"मंग सरका बाजूला. परे सुकून राहिले." अन् ती वाकून रोवायला लागली.

मी धुऱ्यावर येऊन बसलो. धोतराची वाट लागली होती. दीड वाजता फोनवर ओमेशचा निरोप आला, तो मी मोठ्यानं वाचून दाखवला. "माय, तू काय केलं व? नीलूच्या आईचा फोन आला. दोन तास झाले, दोघी बोलूनच राहिल्या. रडते, हसते, पुन्हा रडते. मी चहा सोता करून घेतला अन् कामावर निघालो, मी गेलो ते बी तिले समजलं नाही." बाया हसायला लागल्या. धुरपताबाई हसली नाही. तिनं कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली अन् मला म्हणाली, "गुरुजी, घरी जा. कोठीवरचा डबा घेऊन या."

मी गेलो. सुशिलाबाईनं धोतर पाहून विचारलं कुठं लोळून आले, तर सांगितलं विहिणीकडे. डबा काखेत मारून परत निघालो. वाटेत उघडून एखादा तोंडात टाकावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. टाकला नाही.

शेतावर पोचलो तर बाया अजून बांधीतच होत्या, शेवटची ओळ चालू होती. मी धुऱ्यावर थांबलो. ह्याच धुऱ्यानं मी नोकरीच्या दिवसांत रोज शाळेत जात होतो, अन् रोवण्यात ह्याच बाया अशाच वाकलेल्या दिसायच्या. आधी ह्यांच्या आया, मग ह्या. मी घड्याळ बघत पुढं जायचो. आज मात्र पाय निघेना. घसा साफ केला अन् जोरात म्हटलं, "खस्ता नबाशीद."

नऊच्या नऊ जणी उभ्या राहिल्या. कोणी थट्टा केली नाही, चंदानंही नाही. मग त्या हात धुऊन धुऱ्यावर आल्या. धुरपताबाईनं डब्याचं झाकण उघडलं, आधी स्वतः एक पिस्ता सोलून खाल्ला, डोळे मिटून, मग सगळ्यांच्या ओंजळीत टाकले. माझ्याकडे आली तेव्हा दोन मुठी दिल्या.

"गुरुजी, चाळीस वर्षं झाले तुम्ही इथून जाऊन राहिले," ती म्हणाली. "आज बोलले."

मी मान खाली घातली अन् पिस्ते सोलत बसलो.